दुसरा दांडा

मागच्या वर्षी, म्हणजे २०२४च्या दसऱ्याला, मी थार घेतली. फोर बाय फोर, डिझेल, काळी. नाशिकच्या शोरूममध्ये गाडीवरचं लाल कापड ओढून झालं, हार घालून झाला, आईने चाकांना हळद-कुंकू लावलं, आणि मग तिथला मुलगा गाडी समजावून सांगू लागला. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक ठेंगणा दांडा होता. पप्पांनी विचारलं, "हा कशाला?"

"सर, हा फोर बाय फोरचा. पण आपल्याला सहसा लागत नाही."

"मग घ्यायचा कशाला?"

मुलगा हसला, मीही हसलो. पप्पा हसले नाहीत. ते दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत होते. अंबडच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली. पत्र्याचे ब्रॅकेट दाबायचे, कडेला बर राहिली आहे का ते बोटाने बघायचं. ते ब्रॅकेट ज्या गाड्यांना लागायचे त्यांतली एकही आमच्या दारात कधी उभी राहिली नव्हती. दारात स्कूटर होती.

तिथून आम्ही नवश्या गणपतीला गेलो, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. पप्पांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. मी सॉफ्टवेअरवाला, एखादी गोष्ट प्रणालीत का आहे हे कळलं नाही तर तिचा इतिहास काढून बघायची आम्हाला सवय असते. म्हणून या दुसऱ्या दांड्याचा इतिहास काढला.

तो सुरू होतो १९४०च्या उन्हाळ्यात. युरोपात जर्मन फौजा सुसाट निघाल्या होत्या आणि अमेरिकन लष्कराला घोडा आणि मोटरसायकल यांच्या जागी एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. त्यांनी कंपन्यांकडून निविदा मागवल्या आणि पहिला नमुना द्यायला मुदत ठेवली ४९ दिवसांची. पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावलं, त्याने भराभर आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या ताब्यात गेली. मुदत पाळली गेली. पण एवढ्या गाड्या बनवायची बँटमची ऐपत नाही म्हणून लष्कराने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या बड्यांना दाखवले आणि मोठं काम त्यांनाच दिलं. महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. मुदत पाळणारा एक आणि कंत्राट मिळवणारा दुसरा, हे आमच्या धंद्यातही नवं नाही.

त्या जीपेतही गिअरच्या दांड्याशेजारी हे काम करणारे दांडे होते. काम साधं आहे. एरवी इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना जातो. दांडा ओढला की तो पुढच्या दोघांनाही जातो. आणखी खाली ओढला तर वेग कमी होऊन ताकद वाढते. मात्र त्यात एक मेख आहे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दांडा लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि हा ताण सुटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. स्टिअरिंग जड होतं, आतल्या गिअरांवर ताण चढत जातो. म्हणून चांगला रस्ता लागला की दांडा परत मागे घ्यावाच लागतो. थोडक्यात, ज्याच्या वाटेला रस्ता नाही त्याच्यासाठी हा दांडा बनवला गेला.

आपल्याकडे जीप आली ती महिंद्रांमुळे. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली पाटी बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. एम अँड एम ही अक्षरं तेवढी तीच राहिली. कैलाशचंद्र युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते, तिथे त्यांनी जीप पाहिली होती. विलीजकडून सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीपा जोडायला सुरुवात झाली.

पहिली गिऱ्हाइकं कोण? लष्कर आणि सरकार. स्वतंत्र भारतात ज्याला पहिला घोटाळा म्हणतात तोही जीपांचाच. काश्मीरची लढाई चालू असताना १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी जीपांचा सौदा केला. सुमारे ८० लाखांचा व्यवहार, आणि भारतात उतरल्या १५५ जीपा, त्याही वापरण्याजोग्या नाहीत अशी ओरड झाली. १९६५च्या युद्धात मात्र याच गाडीने नाव कमावलं. खेमकरणजवळ असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे टिपले, तिथेच ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

खेड्यातल्या माणसाला जीप दिसली ती वेगळ्याच रूपात. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. गावांचे गट पाडले, प्रत्येक गटावर एक विकास अधिकारी नेमला, त्याच्या दिमतीला जीप दिली. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि बीडीओची जीप हा ग्रामीण राज्यकारभाराचा चेहराच झाला.

माझे आजोबा सुरगाणा तालुक्यात एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक होते. पावसाळ्यात चार महिने पाडा तुटलेला असायचा. ते सांगायचे, उन्हाळ्यात लांबून धुरळा दिसला की पोरं ओरडायची, "जीप आली!" आणि आजोबा हजेरीपट घेऊन उभे राहायचे. जीप म्हणजे तपासणी. जीप म्हणजे वसुली, देवीची लस, नसबंदीचं शिबिर, निवडणूक. ती त्यांच्या वाटेसाठीच बनली होती, आणि नोकरीच्या तीस वर्षांत ते तिच्यात बसले दोनदा. एकदा मतपेटी घेऊन मागच्या बाकड्यावर. दुसऱ्यांदा आजीला बाळंतपणासाठी नेताना. एका फॉरेस्टवाल्याने दया दाखवली, म्हणून पप्पा तालुक्याच्या दवाखान्यात जन्मले. नाहीतर डोली होतीच.

नाशिक आणि जीप यांचं नातं जुळलं ते पप्पांच्या पिढीत. पेट्रोल महागलं होतं, डिझेल इंजिनाची गरज होती. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला आणि ती इंजिनं आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरीला बनू लागली. सातपूरला गाड्यांचा कारखाना आला. त्याच्या भोवती सातपूर-अंबडमध्ये पत्रा दाबणारे, रबर ओतणारे, वायरिंग बांधणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. सुरगाणा-पेठ-कळवणच्या शिकलेल्या पोरांना शेतीबाहेरची पहिली नोकरी इथे मिळाली. पप्पा त्यांतले एक.

डिझेलमुळे जीप लोकांच्या वाट्याला आली, पण भाड्याने. नाशिकहून त्र्यंबक, पेठ, दिंडोरी. नांदुरीहून सप्तशृंगी गड. काळी-पिवळी जीप. आत चौदा, मागे लटकलेले चार, टपावर पोती, आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर. बहुतेक काळी-पिवळींना दुसरा दांडा नसायचाच. मागच्या दोन चाकांवरच सगळा भार. चिखल लागला की मागचे उतरून ढकलायचे. ज्यांच्या गावाला रस्ता नव्हता त्यांना चारपैकी दोनच चाकं परवडत होती, बाकीच्या दोन चाकांचं काम माणसं करायची.

मग जून २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. सुमारे ५५० कोटी खर्चून, बहुतांशी इथल्याच अभियंत्यांनी घडवलेली, नाशिकच्या कारखान्यातून निघालेली. त्याच कारखान्यात त्याआधी फोर्डची एस्कॉर्ट बनली होती, पुढे रेनोची लोगन बनली. पण गावाने जीव लावला तो स्कॉर्पिओला. मी तेव्हा शाळेत होतो. द्राक्षवाल्या बागायतदाराकडे, बिल्डरकडे, नगरसेवकाकडे, जिथे बघाल तिथे पांढरी स्कॉर्पिओ. कांद्याला भाव लागला की लासलगावकडे नव्या गाड्या दिसायच्या. आणि गंमत अशी की सुरुवातीच्या स्कॉर्पिओलाही जोर मागच्या दोनच चाकांचा. चढून बसायची उंची, रुंद नाक आणि रस्त्यावरून खाली बघायची सोय एवढं पुरे होतं. बीडीओच्या जीपेतून जो रुबाब दिसायचा तो आता पैसे मोजून मिळू लागला होता. चिखलात जायची अट त्यातून निघून गेली होती.

तोवर रस्तेही आले होते. डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, पाड्यांकडे डांबर सरकू लागलं. मुंबई-आग्रा महामार्ग चौपदरी झाला. २०१८च्या मार्चमध्ये मी इंजिनिअरिंगला होतो. याच महामार्गावरून सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे हजारो आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी मुंबईला पायी निघाले. ६ तारखेला नाशिकहून निघाले, १२ला मुंबईत पोचले. जवळपास १८० किलोमीटर. आम्ही मित्र पुलावर उभं राहून ती लाल टोप्यांची रांग बघत होतो. रस्ता गुळगुळीत होता. त्यावरून चालत होते ते लोक, ज्यांच्या वाटेसाठी दुसरा दांडा बनला होता.

आता माझ्या गाडीकडे येतो. थार हे नाव २०१० पासून आहे, पण माझ्या वयाच्या लोकांना वेड लावलं ते नव्या थारने. तिची किंमत जाहीर झाली २ ऑक्टोबर २०२० रोजी. कंपनीचा स्थापनादिन तोच, आणि बीडीओच्या जीपेची योजना सुरू झाली तोही दिवस तोच. तीही नाशिकलाच बनते. तेव्हा सगळ्या थारना चारही चाकांचा जोर होता. जानेवारी २०२३ मध्ये दोन चाकांची थार आली: बाहेरून तशीच, चार मीटरच्या आत लांबी, डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत, म्हणून लहान गाडीच्या करात बसणारी. आत दुसरा दांडा नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा हा फरक आणखी ठळक झाला. त्या डिझेल थारला १८ टक्के, माझ्या मोठ्या इंजिनाच्या गाडीला ४०. कर इंजिन आणि लांबी बघतो, चाकांचा जोर नाही, हे मला कळतं. तरी हिशेब असा उरतो की १९५२ साली सरकारने ज्या जातीची गाडी गरज म्हणून अधिकाऱ्याला दिली, तिची नात आज सरकारच्याच वहीत चैन आहे. आणि दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. माझा रोजचा रस्ता म्हणजे गंगापूर रोड. शनिवारी द्राक्षमळ्यांकडे, पावसाळ्यात पहिन्याला धबधबा बघायला. वर्षभरात मी तो दांडा एकदाही हलवला नव्हता. सात वर्षांचं कर्ज आहे. त्यातले काही लाख निव्वळ त्या दांड्याचे.

या जुलैत मी पप्पांना आजोबांच्या पाड्यावर घेऊन गेलो. आजोबा आता नाहीत. शाळा आहे, पत्रे नवे आहेत. डांबर शेवटच्या दीड किलोमीटरवर संपलं आणि पुढे लाल चिखलाचा उतार होता. मी थांबलो, न्यूट्रलला घेतलं, दांडा शेवटपर्यंत ओढला. गाडी गुरगुरत, सावकाश, हत्तीसारखी उतरली. मी पप्पांकडे पाहिलं. ते खिडकीतून चाकाकडे बघत होते.

परत निघताना शाळेपाशी एक शिक्षिका उभी होती. पावसात दीड किलोमीटर चालून डांबरापाशी जायचं, तिथून मिळेल ते वाहन. मी थांबलो. पण या थारला मागे दारच नाही. पुढची सीट कलंडून, वाकून आत शिरावं लागतं. त्या बाईंच्या हातात दप्तरांचा गठ्ठा, पायांना घोट्यापर्यंत चिखल. त्या घुटमळल्या. "राहू द्या सर, गाडी खराब होईल."

पप्पा खाली उतरले. "मॅडम, तुम्ही पुढे बसा," म्हणाले आणि साठीतला माणूस सीट ओलांडून मागे जाऊन बसला.

चढ चढून डांबर लागलं. मी दांडा परत मागे घेतला. आरशात पप्पा दिसत होते, गुडघे पोटाशी घेतलेले.

"लागला म्हणायचा एकदा," ते म्हणाले.

मी विचारलं, मागे त्रास होतोय का.

"नाही रे. सवय आहे."