गागोद्याचे विनोबा आणि मुंबईतला जंतू

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. आपल्यातले बरेच जण त्यांना 'कुराण-सार'मुळे ओळखतात. कुष्ठसेवेशी असलेले त्यांचे नाते मात्र मागेच पडते. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम उभे केले, तेव्हा डॅप्सोनही आले नव्हते. हॅन्सनने १८७३ मध्ये दाखवलेला कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. आजही वाढत नाही.

१९५८ मध्ये मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये वसंत खानोलकर (तेही १८९५चेच), कमल रणदिवे आणि बापट यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींतून एक जंतू वाढवला. हाच तो, असे वाटले! पुढे तो 'एव्हियम-इंट्रासेल्युलर' गटातला ठरला. ना क्षयाचा, ना कुष्ठाचा, पाण्यामातीत राहणारा.

मग तो रुग्णाच्या अंगातला, की बाहेरून आलेला? थुंकीत असा जंतू सापडला की डॉक्टरांपुढे आजही हाच पेच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो क्षयाच्या जंतूसारखाच लाल दिसतो. जात न ओळखता क्षयाची औषधे सुरू केली, तर रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या खातो आणि खोकला तसाच राहतो. म्हणून दुसरा नमुना वाढवून बघायचा, छातीचा फोटो जुळतो का पाहायचे.

मुंबईकरांनी आपला जंतू फेकून मात्र दिला नाही. तो मारून त्याची कुष्ठावर लस केली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले.