खापर
१७. खापर : चुलीवर पालथे घालून तापवायचे मातीचे रुंद भांडे. मूळ मजकुरातली मामी टीव्हीवरच्या केकवाल्यांच्या ओव्हनपुढे ज्या ‘उलट्या मडक्या’ची बढाई मारते, ते हेच. शहादा-तळोद्याकडे, किंबहुना साऱ्या खानदेशात, त्यावर पुरणाचे मांडे भाजतात. सैल कणकेत पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत पार कोपरापर्यंत पसरवायचा. हे काम लाटण्याचे नव्हे. मांडा गरम असतानाच दुमडतात. विसोबा चाटींनी खापर मिळू दिले नाही, म्हणून मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजले तेही मांडेच, अशी कथा आहे. मजकुराच्या पुढच्या ओळीतली ‘आखाजी’ म्हणजे अक्षय्य तृतीया (वैशाख शुद्ध ३). सासुरवाशिणी तेव्हा माहेरी येतात. मांड्यासोबत त्या दिवशी आमरस.