जाणाऱ्या शब्दांची राखण

अमेरिकेंतील प्रसिद्ध निबंधकार राल्फ वाल्डो इमर्सन हा उतारवयांत शब्द विसरूं लागला होता. एकदां त्याला छत्रीचें नांव आठवेना. तेव्हां नांव सांगतां येत नाहीं, पण हिचा इतिहास सांगतों असें म्हणून, परके लोक जी उचलून नेतात ती वस्तु, अशी त्यानें तिची ओळख करून दिल्याचें त्याच्या चरित्रांत नमूद आहे. १८८२ च्या मार्चमध्यें कवि लाँगफेलो वारला. त्याच्या अंत्यविधीस इमर्सन गेला, पण ज्याच्याशीं अनेक वर्षांचा स्नेह त्या मित्राचें नांव त्याच्या स्मरणांत राहिलें नव्हतें. गृहस्थ फार गोड स्वभावाचा होता, एवढें मात्र तो सांगूं शकला. पुढच्याच महिन्यांत इमर्सनही गेला. इतक्या वर्षांनंतर त्याच्या विकाराचें निदान करूं पाहणें उचित नव्हे. परंतु छत्रीच्या त्या गोष्टींत एका उपचारशास्त्राचें बीज आहे असें आम्हांस वाटतें. नांव गेलें तरी वस्तूचा उपयोग, तिची जागा, तिच्या आठवणी हें सारें कांहीं काळ शिल्लक राहतें, आणि त्याच्या आधारानें रोगी पुष्कळदां नांवापर्यंत पोंचतो. न पोंचला तर निदान ऐकणारास अर्थ तरी कळतो. वृद्धपणाच्या वा अकालीं येणाऱ्या स्मृतिभ्रंशांत ज्यांची वाचा जात आहे त्यांस ही युक्ति हेतुपुरस्सर शिकविण्यास वैद्यांना जवळजवळ एक शतक लागलें. तें कां लागलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

वाचालोपाचा शास्त्रीय इतिहास १८६१ पासून सुरू करण्याचा प्रघात आहे. त्या वर्षीं पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयांत पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्यापुढें एक रोगी आला. कांहींही विचारलें तरी तो 'तान्' एवढाच ध्वनि काढी व बाकीचें हातवाऱ्यांनीं समजावी. थोड्याच दिवसांत तो वारला, आणि ब्रोकानें त्याचा मेंदु तपासून डाव्या बाजूच्या पुढील भागांतील विकृति दाखविली. १८७४ मध्यें जर्मनीच्या कार्ल वेर्निकेनें याहून निराळा प्रकार वर्णिला: त्यांत बोलणें अस्खलित चालतें, पण दुसऱ्याचें बोलणें कळत नाहीं. तेव्हांपासून शब्द मेंदूंत राहतात तरी कोठें, ह्याच प्रश्नाभोंवतीं युरोपांतील मोठमोठे पंडित घिरट्या घालीत राहिले. त्याचें उत्तर शवविच्छेदनाच्या मेजावर मिळे. त्यामुळें रोगी जिवंत असेतों त्याचें काय करावें हा प्रश्न मागें पडला. खुद्द ब्रोकानें एका प्रौढ रोग्यास लहान मुलाप्रमाणें पुनः वाचावयास शिकविण्याचा यत्न केला होता. आज ब्रोकाच्या नांवानें मेंदूचा एक भाग ओळखला जातो. ती शिकवणी मात्र कोणाच्या ध्यानींही नाहीं.

ह्या दोघांच्या रोग्यांत व आपल्या विषयांत एक महत्त्वाचा भेद आहे. पक्षाघातानें किंवा डोक्यास झालेल्या जखमेनें वाचा जाते ती एकाएकीं. मग ती थोडीबहुत परत येते. उलट कांहीं माणसांची वाचा वर्षानुवर्षें कणाकणानें झिजते. १८९२ मध्यें प्राग येथील अध्यापक आर्नोल्ड पिक ह्यानें अशा एका ७१ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. वार्धक्यानें मेंदु सर्वत्र सारखा सुकतो असा समज त्या काळीं दृढ होता. पिकनें दाखविलें कीं डाव्या कानशिलाआडचा भाग विशेष आक्रसला असेल तर वाचाच आधीं ढांसळते. पिक भाषेचा मोठा व्यासंगी होता. १९१३ मध्यें व्याकरणलोपावर त्यानें एक ग्रंथच लिहिला. पण तोही वर्णन करून थांबला. झिजणारी वाचा शिकवून राखतां येईल, ही कल्पना त्या पिढीच्या क्षितिजावरच नव्हती.

शिकविण्याची विद्या आली ती रणांगणावरून. पहिल्या महायुद्धांत डोक्यास गोळी लागलेले शेंकडों तरुण सैनिक वांचले, पण मुके किंवा तोतरे होऊन परतले. फ्रांकफुर्ट येथें कुर्ट गोल्डस्टाइननें अशांसाठीं संस्था उभारली. दुसऱ्या महायुद्धांत रशियाच्या अलेक्झांडर लुरियानें उरल प्रांतांतील रुग्णालयांत हेंच काम केलें. वाचा-उपचाराचें शास्त्र ह्या जखमी पोरांच्या खाटांशेजारीं वाढलें. मात्र त्याच्या पायाशीं एक गृहीत होतें: रोगी तरुण आहे, जखम भरणार आहे, आणि आज शिकविलेलें उद्यां पक्कें होणार आहे. यशाचें मापही त्यावरूनच ठरलें. किती सुधारणा झाली आणि ती टिकली किती? ह्या मापानें स्मृतिभ्रंशाचा रोगी आरंभींच बाद झाला. त्याला शिकविणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें, अशी समजूत होऊन बसली, आणि ती बोलून दाखविण्याचीही कोणास गरज वाटेना.

१९८२ मध्यें बोस्टन येथील डॉक्टर मार्सेल मेसुलम ह्यांनीं सहा रोग्यांची हकीकत छापली. त्यांची वाचा वर्षांमागून वर्षें खालावत होती, पण विचारशक्ति, वागणूक व रोजचा व्यवहार बराच काळ शाबूत होता. पुढें ह्या विकारास 'प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अ‍ॅफेझिया', म्हणजे मुळांतच वाचेपासून सुरू होऊन वाढत जाणारा वाचाघात, असें नांव पडलें. २०११ मध्यें त्याचे तीन प्रकार ठरविण्यांत आले. एकांत शब्दांचा अर्थच विरतो. दुसऱ्यांत उच्चार कष्टाचा होतो व वाक्यरचना मोडते. तिसऱ्यांत शब्द वेळेवर सांपडत नाहीं व लांब वाक्य मनांत धरून ठेवतां येत नाहीं. ह्या तिसऱ्याच्या मुळाशीं बहुधा अल्झायमरचा रोग असतो. नांव मिळाल्यानें रोग बरा झाला नाहीं. पण आपली वाचा जात आहे हें ज्याला पुरतें कळतें, ज्याला घर चालवितां येतें, असा माणूस वैद्यापुढें बसला आहे, ही गोष्ट आतां झांकतां येईना.

पहिल्या प्रकाराची एक जुनी नोंद आशियांतील आहे. १९४३ मध्यें जपानच्या त्सुनेओ इमुरा ह्यानें 'गोगी', म्हणजे शब्दार्थाचा, वाचाघात वर्णिला. जपानी भाषेंत चिनी वळणाचीं कांजी अक्षरें अर्थाशीं बांधलेलीं असतात, तर काना अक्षरें केवळ ध्वनि दाखवितात. इमुराचे रोगी काना बिनचूक वाचीत आणि कांजी वाचतांना चुकत. आमची बाळबोध लिपि ह्या बाबतींत कानाच्या जातीची आहे. जसें लिहिलें तसें वाचावें. तेव्हां ह्या विकाराचा मराठी रोगी पोथीचें पान धडाधड वाचून दाखवील आणि त्यांतील साध्या शब्दाचा अर्थ विचारला तर बुचकळ्यांत पडेल, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. शिवाय तोंडपाठ पाढे, रामरक्षा, शिव्या हें सारें वाचा गेल्यावरही पुष्कळदां टिकतें, हें इंग्लंडच्या ह्युलिंग्ज जॅक्सननें एकोणिसाव्या शतकांतच दाखविलें होतें. आजोबा अजून स्तोत्र म्हणतात, मग ते हट्टानेंच बोलत नाहींत, अशी रागाची कुजबूज ज्या घरांत चालते, त्या घरानें ह्या दोन नोंदी अवश्य लक्षांत घ्याव्या.

आतां मुख्य शंकेकडे वळूं. केंब्रिज येथील संशोधकांनीं १९९९ मध्यें शब्दार्थ विरत चाललेल्या एका रोग्याचा वृत्तांत दिला. हा गृहस्थ स्वतःच्या इच्छेनें चित्रकोश व शब्दांच्या याद्या घेऊन रोज घोकीत बसे. घोकलेले शब्द त्याला खरोखर परत मिळाले. कोणी विचारतांच तो ते भराभर सांगूं लागला. पण रोजचा पाठ बंद पडतांच ते पुनः गळूं लागले. झालें, फुटकी घागर! असें म्हणणारा म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. गवयाचा रियाज सुटला कीं त्याचा गळा बसतो, म्हणून केलेला रियाज फुकट गेला असें कोणी म्हणत नाहीं. ज्या महिन्यांत त्या गृहस्थाला शब्द सांपडत होते ते महिने त्याचे होते. लढाईंतल्या जखमी तरुणाचें माप त्याला लावणें हीच मुळांत चूक होती. तरी ह्या पाठाची किंमत घरच्यांना मोजावी लागते हेंही खरें आहे. बायको पंतोजी झाली आणि नवरा नापास होऊं लागला, तर शब्द एक येतो आणि बोलणें दहा दिवस बंद पडतें. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं.

म्हणूनच पुढील वर्षांत काय घोकावें ह्याचा विचार अधिक झाला. मँचेस्टर येथील ज्यूली स्नोडेन व त्यांचे सहकारी ह्यांना आढळलें कीं जीं माणसें व स्थळें रोग्याच्या रोजच्या आयुष्यांत आहेत त्यांचा अर्थ अधिक काळ टिकतो. तसेंच ज्या शब्दाचा थोडा तरी अर्थ उरला आहे तो पुनः शिकल्यास बरा राहतो. ह्याचा साधा अर्थ असा कीं चित्रकोशांतील परक्या किटलीपेक्षां आपल्या ओट्यावरचा तांब्या हातीं द्यावा, आणि शब्द पार विझण्यापूर्वींच सुरुवात करावी. टेक्सास येथें माया हेन्री ह्यांनीं उच्चार अडखळणाऱ्या दहा रोग्यांकडून त्यांनींच निवडलेल्या विषयांवरचीं छोटीं भाषणें, चित्रफितीबरोबर बोलून, बसवून घेतलीं. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांताप्रमाणें झालेला लाभ एक वर्षापर्यंत टिकून होता. झिजत्या वाचेचें एक वर्ष म्हणजे थोडें नव्हे. शिकागो येथें एमिली रोगाल्स्की ह्यांच्या प्रयोगांत तर रोग्याबरोबर त्याच्या जोडीदारालाही शिक्षण दिलें जातें: एका वेळीं एकच प्रश्न विचारावा, उत्तराला उसंत द्यावी, आणि सांपडलेल्या अर्ध्या शब्दावर समाधान मानावें.

आपल्याकडे ह्या कामांत भाषेची एक गुंतागुंत आहे. पुणेकर गृहस्थ कचेरींत इंग्रजी, बाजारांत हिंदी आणि घरीं मराठी बोलत असतो. २०१३ मध्यें हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांत दोन किंवा अधिक भाषा बोलणारांस हा विकार सरासरीनें साडेचार वर्षें उशिरा जडल्याचें दिसलें. पण जडल्यावर कोणती भाषा राखावी, हा निवाडा डॉक्टरांपेक्षां घरच्यांना लवकर करतां येईल. जिच्यांत तो जेवणाला काय आहे असें विचारतो ती धरावी, असें आमचें मत आहे.

ह्या उपचारांत एक वही ठेवण्याची पद्धत आहे. तींत घरांतील माणसांचीं छायाचित्रें व नांवें, आवडीनिवडी, जन्मगांव, जुन्या हकीकती असें लिहून ठेवतात. पुढें वाचा अगदींच गेली म्हणजे रोगी त्यावर बोट ठेवून आपलें मनोगत कळवूं शकतो. कोणती छायाचित्रें लावावीं आणि कोणती हकीकत खरी, हें त्याचें त्यालाच सांगतां येत आहे तोंवर ती लिहून काढावी लागते.