६५ हा आकडा बिस्मार्कचा नाहीच! निवृत्तीच्या वयाचा इतिहास आणि माझी फसलेली स्लाइड



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे. पीएचडीच्या पहिल्या सादरीकरणात माझ्या तिसऱ्या स्लाइडवर एक वाक्य होतं: 'निवृत्तीचं वय ६५ हे जर्मनीच्या बिस्मार्कने ठरवलं, कारण त्या काळी माणसं चाळिशीच्या आतच मरत आणि सरकारला पेन्शन द्यावीच लागत नसे.' वाक्य चटकदार होतं, दोन-तीन लेखांत वाचलेलंही होतं, म्हणून निर्धास्तपणे टाकलं. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "हे कुठल्या कायद्यात वाचलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा विषय आहे वयस्कर कामगारांचं लांबत चाललेलं कामाचं आयुष्य. एमएस्सी संख्याशास्त्रात झाल्यामुळे आकडे दिसले की मी लगेच मॉडेलकडे पळायचे. आकडा आला कुठून, हे बघायची सवय त्या दिवसानंतर लागली. तेव्हा जे शोधलं ते आज तुमच्यासमोर मांडते.

आधी कायदा बघा

जर्मन राइशस्टागने वृद्धत्व आणि अपंगत्व विम्याचा कायदा मे १८८९ मध्ये १८५ विरुद्ध १६५ मतांनी मंजूर केला. १ जानेवारी १८९१ पासून तो लागू झाला. पैसे तीन ठिकाणांहून यायचे: कामगाराची वर्गणी, मालकाची वर्गणी आणि सरकारची भर. वृद्धत्व पेन्शनसाठी वयाची अट होती ७० वर्षं. ६५ नाही, ७०! शिवाय ३० वर्षांची वर्गणी हवी.

बिस्मार्कचा जन्म १८१५ चा. म्हणजे 'स्वतःचं वय बघून त्याने आकडा ठरवला' ही दुसरी दंतकथाही टिकत नाही, कारण कायदा झाला तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. मग ६५ कुठून आलं? १९११ मध्ये पगारदार कर्मचाऱ्यांसाठी वेगळा विमा कायदा झाला, त्यात ६५ ची अट होती. कारखान्यातल्या कामगारांना ती सवलत १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना मिळाली. तोवर बिस्मार्कला जाऊन १८ वर्षं झाली होती.

'सरासरी आयुर्मान' नावाचा सापळा

आता स्लाइडचा दुसरा भाग. त्या काळी जर्मनीत जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आत होतं, हे खरं. पण त्याचा अर्थ 'माणसं चाळिशीत मरत' असा होत नाही. एक काल्पनिक उदाहरण घ्या. १० बाळं जन्मली. ४ जन्मल्यावर लगेच दगावली, म्हणजे आयुष्य शून्य धरू. उरलेली ६ बरोबर ६० वर्षं जगली. सरासरी किती? ३६० भागिले १०, म्हणजे ३६ वर्षं. आणि छत्तिसाव्या वर्षी मेलं किती जण? एकही नाही.

बालमृत्यू जास्त असले की सरासरी खाली ओढली जाते. पेन्शनचा अभ्यास करताना जन्माच्या वेळचं आयुर्मान उपयोगाचं नाही. कामाला लागलेला २० वर्षांचा मुलगा ७० पर्यंत पोहोचण्याची शक्यता किती, आणि ७० नंतर तो सरासरी किती वर्षं जगतो, हे बघायला हवं. ही शक्यता तेव्हा कमीच होती. ७० ची अट कडक होती, यात शंका नाही. पण 'कमी लोकांना मिळायचं' आणि 'कुणाला मिळू नये म्हणूनच केलं' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता.

पेन्शन होती, निवृत्ती नव्हती

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते पुढच्या गोष्टीने. ७० व्या वर्षी मिळणारी ती पेन्शन काम सोडून घरी बसण्यासाठी नव्हतीच! रक्कम इतकी तुटपुंजी होती की तिच्यावर घर चालणं शक्य नव्हतं. वय झालं, हात पूर्वीसारखे चालत नाहीत, कमाई घटली. ती तूट थोडी भरून काढायची, एवढाच हेतू. माणूस काम करतच राहणार, हे गृहीत होतं.

काम खरोखर सुटायचं ते शरीर थकल्यामुळे. त्यासाठी त्याच कायद्यात अपंगत्वाची पेन्शन होती. तिला वयाची अट नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पेन्शन घेणारे वृद्धत्व पेन्शनवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणजे कामाचा शेवट कॅलेंडर ठरवत नव्हतं, गुडघे आणि फुफ्फुसं ठरवत होती.

'पेन्शनवर नीट जगता येईल' ही कल्पना जर्मनीत रुजली १९५७ च्या सुधारणेनंतर. तेव्हापासून पेन्शन चालू वेतनमानाशी जोडली गेली. आणि आता चाक उलटं फिरलंय. २००७ च्या कायद्याने ६५ चं वय २०१२ ते २०३१ दरम्यान टप्प्याटप्प्याने ६७ होतंय.

मधला एक प्रयोग लक्षात ठेवा. काम हळूहळू कमी करत निवृत्तीकडे जावं, म्हणून १९९६ मध्ये वयस्करांसाठी अर्धवेळ कामाचा कायदा आला. पण त्यात गठ्ठ्याने काम करायचीही सोय होती: अर्धा कालावधी पूर्णवेळ काम, उरलेला अर्धा पूर्ण सुट्टी. बहुतेकांनी हाच मार्ग घेतला. कायद्याला हवा होता उतार, लोकांनी निवडली पायरी.

आणि आपल्याकडे?

ब्रिटिश काळातल्या १९२२ च्या फंडामेंटल रूल्सनुसार सरकारी नोकर ५५ व्या वर्षी निवृत्त होत. केंद्राने हे वय १९६२ मध्ये ५८ आणि १९९८ मध्ये ६० केलं. महाराष्ट्राने मात्र ५८ च ठेवलं, चतुर्थ श्रेणीसाठी ६०.

माझे बाबा राज्य शासनाच्या कार्यालयात होते. समोरच्या बिल्डिंगमधले काका केंद्राच्या. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, दोघांचं काम टेबलावरचं. बाबांना शाल-श्रीफळ मिळालं तेव्हा काकांची दोन वर्षं शिल्लक होती. पुढच्या सोमवारी आईने सवयीने डबा भरला, आणि तो ओट्यावर तसाच राहिला. दोन महिन्यांनी बाबा एका पतसंस्थेत हिशेब बघायला जाऊ लागले. डबा पुन्हा सुरू झाला.

आता सांगा, माझ्या डेटामध्ये बाबा 'निवृत्त' की 'कार्यरत'? आपल्या पीएलएफएस सर्वेक्षणात पेन्शनवर राहणाऱ्यांसाठी ९४ हा कोड आहे. पण वर्षातला बराच काळ काम करणारा पेन्शनर कामगारांत मोजला जातो. म्हणजे ९४ कोडवाले मोजून 'निवृत्त किती' हे कळत नाही. मी आधी तेच करायला निघाले होते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

वयाचा कुठलाही आकडा वापरण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहा. हा आकडा कुठल्या कायद्यात, कुठल्या वर्षी आला? तो कुणाला लागू होता आणि कुणाला नव्हता? आकडा ओलांडल्यावर माणूस खरंच काम थांबवतो का?

तिसरी स्लाइड मी काढून टाकली नाही. वाक्यावर काट मारली, खाली १८८९, १९११ आणि १९१६ ही तीन वर्षं लिहिली आणि पुढच्या सादरीकरणात तीच स्लाइड पहिली दाखवली. सर काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मला तेवढं पुरलं.