आजोबांच्या वरची ओळ

जात पडताळणीसाठी आजोबांचा निर्गम उतारा हवा होता. म्हणून वडील आणि मी गावातल्या जुन्या शाळेत गेलो. लिपिक काकांनी लोखंडी कपाट उघडलं आणि कापडी बांधणीचं जनरल रजिस्टर टेबलावर ठेवलं. अर्ध्या तासात आजोबा सापडले. शाईने लिहिलेलं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. "उतारा उद्या मिळेल, तोवर फोटो काढून ठेवा," काका म्हणाले. वडिलांनी अख्ख्या पानाचा फोटो काढला आणि आनंदाच्या भरात भावकीच्या ग्रुपवर टाकला.

रात्री मी तो फोटो मोठा करून पाहिला. आजोबांच्या वरच्या ओळीत आमच्याच गल्लीतल्या एका घराचं आडनाव होतं. जातीच्या रकान्यात असा शब्द होता, जो आज त्या घरातल्या कुणाला हिणवायला चारचौघांत वापरला तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होईल. शाळा सोडल्याचं कारण लिहिलं होतं, 'सतत गैरहजर'. त्या आजोबांचा नातू माझ्या वर्गात होता. हे पान त्याने पाहिलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या साठ नातेवाइकांनी मात्र पाहिलं होतं.

तेव्हापासून मी या रजिस्टरच्या मागे लागलो.

महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रसिद्ध शाळा-रजिस्टर साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी, आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४ समोर नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून राज्यात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. ती एक ओळ आपला इतिहास आहे, आणि ती जपली म्हणून बरं वाटतं. पण त्याच रजिस्टरमध्ये शेकडो इतर मुलंही असणार. त्यांच्या ओळींवर हक्क कुणाचा?

रजिस्टर खरं बोलतंच असंही नाही. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची, जन्मतारीख घरी कुणाला ठाऊक नसायची, गुरुजी अंदाजे वर्ष धरून १ जून लिहून टाकायचे. तीच तारीख मग दाखल्यावर, नोकरीत, निवृत्तीच्या आदेशात जायची. गुरुजींनी घाईत लिहिलेला रकाना माणसाला आयुष्यभर पुरायचा. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांसोबत शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली. एका शब्दावर आरक्षण अवलंबून होतं.

इतकी नाजूक माहिती इतकी वर्षं सांभाळली कुणी? मला वाटतं, मुख्यतः गैरसोयीने. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, अक्षर किचकट, कधी मोडी. माहिती काढायची तर शाळेत जायला लागायचं, अर्ज लिहायला लागायचा, कुणीतरी "कशाला हवंय?" असं विचारायचं. तो एक प्रश्नच गोपनीयतेचं धोरण होता.

ऑनलाइन जमान्यात हा प्रश्न विचारणारं माणूस बाजूला झालं. दहावीचा निकाल आठवा. बैठक क्रमांक टाका आणि आईचं नाव टाका. म्हणजे पासवर्ड काय, तर आईचं नाव, जे अख्ख्या वर्गाला पाठ असतं! माझा निकाल माझ्याआधी माझ्या मित्राने पाहिला होता.

२०१५ मध्ये राज्यात 'सरल' प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी ऑनलाइन भरणं सुरू झालं. २०२२-२३ पासून केंद्राच्या 'यूडायस प्लस'मध्ये शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी एकेका विद्यार्थ्याची माहिती जाऊ लागली. त्यानंतर 'अपार' हा बारा अंकी क्रमांक आला. याचे फायदे आहेतच. स्थलांतरित ऊसतोड कामगाराचं मूल शाळेतून गळलं तर ते शोधता येतं. पण कपाट आता एका गावाचं उरलेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली, की 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपचा डेटा असलेला सर्व्हर असुरक्षित राहिला होता आणि त्यातून लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती उघडी पडली होती. कुलूप एकच, आणि तेच उघडं.

कायदा उशिरा आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं सांगितलं, आणि सज्ञान झाल्यावर मुलांना आधारमधून बाहेर पडण्याची मुभा असावी असंही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं, त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आणि चूक झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे.

पण हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. कपाटातलं रजिस्टर कागदाचं. कागदाचा फोटो काढला की तो डिजिटल होतो, पण घरगुती कामासाठी काढलेला फोटो पुन्हा कायद्याच्या कक्षेबाहेर. आणि वरच्या ओळीतले आजोबा तर कधीच वारले. त्यांच्या वतीने संमती कोण देणार?

दुसऱ्या दिवशी उतारा आणायला गेलो. त्यावर फक्त आमच्या आजोबांची ओळ होती, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. जुन्या पद्धतीला हे नेमकं कळत होतं: मागणाऱ्याला त्याच्यापुरतं द्यायचं, पान द्यायचं नाही.

घरी येऊन वडिलांना म्हटलं, "पप्पा, तो फोटो काढून टाका ना." त्यांनी दाबून पाहिलं. सगळ्यांच्या फोनमधून काढायची मुदत संपली होती. त्यांच्या फोनमधून तो गेला. बाकीच्यांकडे अजून आहे.