पेट्रोल संपलं की खेळ खल्लास : आपल्या दोन जिल्ह्यांतल्या व्हिडिओ गेमची गोष्ट

राजेहो, आज रेती, रस्ते अन् राजकारण बाजूला ठेवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला, तेव्हापासून अनेक पालक मला एकच सांगतात, "भाऊ, सगळेच गेम बंद करायला पाहिजेत. पोट्टे वाया चालले." चिंता खरी आहे. पण 'सगळेच' म्हणण्याआधी थोडा इतिहास पाहू. तो चंद्रपूर-गडचिरोलीचाही आहे, अन् कोणत्याच गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

चाळिशीतल्यांना 'रोड फायटर' आठवत असेल. वरून दिसणारा रस्ता, खाली आपली लाल गाडी, समोर पिवळ्या-निळ्या गाड्या अन् मधूनच ट्रक. हा गेम जपानच्या कोनामी कंपनीनं १९८४ मध्ये काढला. ही कंपनी १९६९ मध्ये सुरू झाली ती ज्यूकबॉक्स भाड्यानं देण्याच्या अन् दुरुस्तीच्या धंद्यात. म्हणजे नाणं टाका, गाणं ऐका. पुढं तेच नाणं गेमच्या मशीनमध्ये पडू लागलं.

नाण्यावर चालणाऱ्या मशीनचं गणित साधं असते. एकच गिऱ्हाईक तासभर चिकटून बसलं तर मालक बुडाला. म्हणून खेळ लवकर संपला पाहिजे, पण आपण हरलो ते आपल्याच चुकीनं, असं खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे. 'रोड फायटर'मध्ये हे काम पेट्रोल करायचं. सेकंदासेकंदाला आकडा खाली येणार, धडक बसली की आणखी कमी होणार. रंगीबेरंगी गाडी गाठली तर थोडं पेट्रोल मिळायचं, म्हणून जीव धोक्यात घालून तिच्या मागं लागायचं. मशीनमधलं ते पेट्रोल म्हणजे आपल्या नाण्याचं मीटर होतं.

निन्टेन्डोनं जुलै १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' हे टीव्हीला जोडायचं घरगुती मशीन आणलं होतं. १९८५ मध्ये 'रोड फायटर' त्यावर आला. घरी नाणं टाकायचं नव्हतं, तरी पेट्रोल तसंच राहिलं. एका बटणावर गाडी बेताची पळायची, दुसऱ्यावर थेट ताशी ४०० किलोमीटर. न धडकता बराच वेळ गेलं की बाजूनं एक उडणारा माणूस यायचा अन् गुण देऊन जायचा. तो 'कोनामी मॅन'. आपल्याकडच्या पोरांनी त्याला सरळ सुपरमॅन करून टाकलं.

आता हा गेम जपानातून बल्लारशाला, वडशाला कसा पोचला? मूळ मशीनच्या नकला तैवान-चीनमध्ये बनू लागल्या होत्या. भारतात त्या 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी विकल्या गेल्या. सोबत पिवळी-काळी कॅसेट, वर छापलेलं '९९९९९९९ इन १'. आत खरे गेम मोजकेच. तेच गेम वेगळ्या नावानं, कधी पुढच्या टप्प्यापासून सुरू होणारे, पुन्हा पुन्हा यादीत टाकलेले. 'रोड फायटर' जवळपास प्रत्येक कॅसेटमध्ये असायचा, कारण सुरुवातीच्या काळातले हे गेम फार लहान होते. चाळीस किलोबाइटच्या आत अख्खा गेम बसायचा. आज मोबाईलवरचा एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असते. मूळ कंपनीला यातला पैसाही मिळाला नसणार. पण चोरीच्या कॅसेटनं का होईना, जंगलातल्या तालुक्यापर्यंत संगणकाचा पहिला स्पर्श पोचला, हेही तितकंच खरं.

इथंच आपल्याकडं उलटी गंगा वाहिली. बाहेर देशांत आधी पार्लर आलं अन् मग तो खेळ घरी गेला. आपल्या गावांत घरगुती मशीनच पार्लरमध्ये आलं. नाण्याची मोठी पेटी परवडणार कोणाला? पानठेल्यामागं नाहीतर कॅसेटच्या दुकानात एक टीव्ही, लाकडी बाकडं अन् दोन रिमोट. पैसे मिनिटांवर. मशीनला नाण्याचं तोंडच नव्हतं, म्हणून मालकाच्या मनगटावरचं घड्याळ हेच मीटर. म्हणजे खेळणाऱ्याच्या मागं दोन पेट्रोल लागलेली, एक पडद्यावरचं अन् एक मालकाच्या हातावरचं.

अन् तिसरं मीटर महावितरणचं, त्याआधी वीज मंडळाचं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. १९९७ मध्ये सातवा संच आला तेव्हा क्षमता २३४० मेगावॅट झाली. राख आपल्या छतावर पडायची, वीज राज्यभर जायची, अन् आपल्या पोरांची गाडी शेवटच्या वळणावर असताना लाईन जायची. त्या मशीनमध्ये काही साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून. गेलेल्या मिनिटांचे पैसे कोणाचे, यावर गल्लीगल्लीत वाद झाले. ऊर्जानगरीत राहण्याचा हिशेब आम्हाला तिथंच पहिल्यांदा समजला.

ट्रकचं मात्र कोणाला शिकवावं लागलं नाही. गेममध्ये इतर गाडीला घासलं तर सावरता यायचं, ट्रकला भिडलं की संपलं. कोळशाचे अन् पेपर मिलला जाणारे बांबूचे ट्रक रोज पाहणाऱ्या पोरांना हा नियम पाठच होता. आज सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्यांच्या गावातून जातात, त्यांनाही तो पाठ आहे. तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सोय नसते, एवढाच फरक.

आता कायद्याकडं येतो. त्या काळात व्हिडिओ गेम म्हटलं की जुगाराचा संशय पहिला. संशयाला कारणही होतं. काही शहरांत पत्त्यांच्या, आकड्यांच्या मशीन 'व्हिडिओ गेम' या नावाखाली चालायच्या. कर्नाटकातल्या चालकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं अन् १९९५ मध्ये न्यायालयानं परवान्याची सक्ती योग्य ठरवली. पण लोकांच्या मनात पत्त्यांचं मशीन अन् गाडी पळवायचं मशीन एकाच पोत्यात गेलं. शर्यत वेगळी अन् पैज वेगळी, हा भेद करायला कोणाला सवड नव्हती.

आपल्या भागाला हे नवीन नाही. शंकरपटाचं तेच झालं. पट पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकांनी रंगायच्या. बैलांच्या छळाच्या मुद्द्यावर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. पुढं राज्यानं नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली अन् मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. छळ थांबला पाहिजे, खेळ राहिला पाहिजे, इथवर यायला नऊ वर्षं लागली.

२०२५ च्या कायद्यात तो भेद निदान कागदावर आहे. पैसे लावून खेळायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. म्हणून पालकांना माझं सांगणं आहे : पोराच्या हातात कोणता गेम आहे ते आधी पाहा. पैसे कुठं जातात, खेळ संपते की नाही, सोबत कोण आहे, हे तीन प्रश्न विचारा. जुन्या पार्लरमध्ये पोट्टे वाया जात नव्हते असं मी म्हणणार नाही, शाळा बुडवणारे होतेच. पण तिथं मागं नंबर लावून चार जण उभे असायचे, मालक उठवायचा, अन् खिशातला रुपया संपला की घरी जावंच लागायचं. आजच्या फोनमध्ये पेट्रोल संपतच नाही. अन् संपलं तर बापाच्या खात्यातून भरता येते.

बंदी घालणं सोपं आहे. नगरपरिषदेच्या वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत पोरांना एकत्र बसून खेळायला जागा देणं, वेळ ठरवणं, एखाद्या मोठ्यानं लक्ष ठेवणं कठीण आहे. त्यासाठी निधीपेक्षा इच्छा जास्त लागते. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हे विचारायला हरकत नाही.

तुमच्या गावात पहिलं व्हिडिओ गेमचं दुकान कुठं होतं अन् किती रुपयाला किती मिनिटं मिळायची, ते खाली लिहा. राजुरा, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, अहेरी, सगळीकडचं येऊ द्या. आपला इतिहास आपणच नोंदवून ठेवू.