चिझेकचा चित्रवर्ग

चित्रकलेच्या शालेय शिक्षणाचा इतिहास म्हणजे बहुतांशीं अनुकरणाचा इतिहास होय. एकोणिसाव्या शतकांत ऑस्ट्रियांतील शाळकरी मुलें ठिपक्यांच्या जाळीवर रेषा जुळवून भौमितिक आकृती काढीत. हात वळणावर यावा, एवढाच त्यांतील हेतु. अशा काळीं फ्रान्झ चिझेक (१८६५–१९४६) हा तरुण चित्रकार व्हिएन्नांत एका सुताराच्या घरीं बिऱ्हाडास राहिला. घरांतील मुलें त्याचे रंग मागत आणि तो ते खुशाल देई. त्यांच्या ओबडधोबड चित्रांत त्याला एक स्वतंत्र भाषा दिसली. १८९७ सालीं त्यानें मुलांसाठीं वर्ग उघडला. तेथें कित्ते नव्हते. मुलें रंगवीत, कागद कातरीत, लांकडावर ठसे कोरीत, आणि विषय आपल्या स्मरणांतून व कल्पनेंतून घेत.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नांत अन्नान्नदशा झाली. उपाशी बालकांच्या साहाय्यार्थ या वर्गांतील चित्रें १९२० सालीं लंडन येथें मांडण्यांत आलीं. पाहणारे चकित झाले. परंतु चिकित्सकांनीं पुढें एक शंका काढली: इतक्या निरनिराळ्या मुलांचीं चित्रें एकमेकांसारखीं कां दिसतात? शंका रास्त होती. कित्ता फळ्यावरून पुसला, तरी मास्तरांच्या पसंतींत तो शिल्लक राहतो. मूल त्यांचा चेहरा वाचून रंग निवडतें.

आपल्या प्राथमिक शाळांच्या भिंतींवर तोच दोन डोंगरांमधला सूर्य, तीच झोपडी, तीच नदी पाहून धन्यता मानण्यापूर्वीं पालकांनीं क्षणभर थांबावें. यांतलें कोणतें चित्र खरोखर मुलाचें? चिझेकलाहि हा प्रश्न पुरता सुटला नाहीं. पण तो विचारण्यास त्यानेंच शिकविलें.